बारीक आवाज

मला आमच्या बिल्डिंगमध्ये भांडकुदळ म्हणतात. म्हणू देत. टँकरचं पाणी असो, लिफ्टमध्ये सायकल घालणारे असोत, की जिन्यातला चपलांचा ढीग असो, विजयश्री कुणाला सोडत नाही हे अख्ख्या तळवड्याला माहीत आहे. मग माझ्याच हॉलमध्ये दोन काळे डबे येऊन माझ्या कानात सुया खुपसायला लागले, तर मी काय हाताची घडी घालून बसणार होते?

डबे म्हणजे स्पीकर. आमचे हे, मालोजी, कासारवाडीच्या कुण्या जुन्या सामानवाल्याकडून अ‍ॅम्प्लिफायर आणि ते दोन कंबरेएवढे डबे टेम्पोत घालून घेऊन आले. विचारणं नाही, सांगणं नाही. उघड्या फरशीवर, काचेच्या शोकेसला टेकवून, दोन कोपऱ्यांत दोन उभे केले. "आता बघ गाणी कशी ऐकू येतात ते," म्हणाले आणि बटण फिरवलं.

अगं आई गं! गाण्यात कुठं 'स' आला, 'श' आला, की असा चरचरीत फवारा उडायचा की दातांत कळ जावी. झांज वाजली की वाटे, कुणी स्टीलची ताटं जिन्यावरून सोडून दिली. एक गाणं संपेपर्यंत मी कपाळ धरून बसलेली. आमची लेक अंजली बारावीला, तिनं तर दार लावून, वर ओढणीनं कान बांधून अभ्यास चालवला होता.

"अहो, कमी करा ते. डोकं उठलं माझं."

"एवढासा तर आहे आवाज."

"आवाजाचं नाही म्हणत मी. ती चरचर. ते तुमचं ट्रेबल का फ्रेबल."

"त्याच्याशिवाय गाण्याला मजा नाही गं," हे म्हणाले आणि सोफ्यावर पाय वर घेऊन डोळे मिटून बसले. फर्स्ट शिफ्ट करून आलेला माणूस, चार घटका गाणी ऐकतोय, म्हणून मी काही दिवस दात-ओठ खात सहन केलं. म्हणजे तोंडाचा पट्टा चालूच होता, पण डबे बाहेर फेकले नाहीत एवढंच.

एक दिवस खालच्या मजल्यावरचा धम्मरत्न वर आला. आयटी पार्कात कामाला आहे, आठवड्यातले निम्मे दिवस घरूनच काम करतो. दारात त्याला बघून मी पदर खोचला, म्हटलं आला हा भांडायला. तर तो हात जोडून म्हणतो, "वहिनी, तक्रार नाही. पण मी मीटिंगमध्ये बसलो की छतातून नुसता 'स स स' येतो. मला गाण्यांचा नाद आहे. थोडा वेळ द्या, मी नीट लावून देतो."

"अख्खी संध्याकाळ घ्या," मी म्हटलं. हे अंघोळीला गेले होते, चांगली संधी होती.

त्यानं आधी अ‍ॅम्प्लिफायर बघितला. ट्रेबलचं बटण पार उजवीकडं टोकाला फिरवलेलं. "हे कुणी केलं?" म्हणत त्यानं ते मध्यावर आणलं. डबे कोपऱ्यांतून पुढं ओढले, त्यांची तोंडं थेट सोफ्यावर होती ती जराशी बाजूला वळवली. माझ्याकडून जाड सतरंजी मागून घेतली आणि मधल्या फरशीवर अंथरली, गॅलरीच्या काचेवरचा पडदा ओढला. म्हणाला, "उघडी फरशी, उघडी काच. आवाज आपटून आपटून परत येतो, वहिनी. त्यातही बारीक आवाज जास्त. तोच डोक्यात जातो." मग तेच गाणं लावलं.

खोटं कशाला बोलू, मी खाली सतरंजीवर बसलेच. तबल्यावर बोट घासलेलं ऐकू येत होतं. बाईचा श्वास ऐकू येत होता. 'स' होता, पण बोलताना असतो तसा, मऊ. अंजली दार उघडून बाहेर आली आणि म्हणाली, "हे आपलेच स्पीकर आहेत?" त्या डब्यांतून निघालेलं एक अख्खं गाणं मी तेव्हा पहिल्यांदा बसून ऐकलं.

एवढ्यात हे टॉवेल गुंडाळून आले. "अरे, हे काय केलंत? डब्यांवर गोधडी टाकली का काय?"

"दादा, उलट आता खुललंय," धम्मरत्न म्हणाला.

"डोंबलाचं खुललंय! बाई तळघरात बसून गातीय. एक शब्द कळंना." यांनी पुढं होऊन बटण करकचून उजवीकडं फिरवलं. पुन्हा तो फवारा, पुन्हा माझ्या दातांत कळ. आणि यांच्या कपाळावरची आठी मात्र गेली. "हां. आता कसं!"

धम्मरत्न बुचकळ्यात पडला. त्यानं डब्याची जाळी काढली, वरच्या छोट्या स्पीकरला कान लावला, दोन्ही डबे तपासले. काही सापडेना. मी चहा टाकला, हे कपडे करून चहा घेऊन बसले. मग त्यानं मोबाइल जोडला. म्हणाला, "एक शिट्टीसारखा आवाज लावतो. जाडापासून बारीक होत जाईल. डब्यात काही बिघाड असला तर कळेल."

आधी पोटात घुमणारी घरघर आली. मग भोंगा. मग आवाज चढत चढत गेला, शिट्टी झाली, शिट्टीची सुई झाली. मी कानावर हात दाबले. अंजली ओरडली, "बंद करा ना ते!" खालच्या आवारातलं कुत्रं भुंकायला लागलं.

आणि आमचे हे बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणाले, "लावा की, धम्मरत्नभाऊ. कशाची वाट बघताय?"

धम्मरत्ननं माझ्याकडं बघितलं. मी अंजलीकडं. तिचे हात अजून कानांवरच होते. धम्मरत्न चांगला मुलगा, त्यानं पटकन मोबाइल काढून घेतला आणि म्हणाला, "माझाच मोबाइल बिघडलाय वाटतं, दादा." जाताना मी दारापर्यंत गेले तेव्हा हळूच म्हणाला, "वहिनी, डबे चांगले आहेत. दादांचे कान तेवढे दाखवून घ्या."

दुसरी कुणी बाई असती तर म्हणाली असती, त्यात काय एवढं, वयपरत्वे होतं, कानात मशीन घालू. मी मात्र तशीच दाराला टेकून उभी राहिले, कारण हे कारखान्यात काय करतात ते मला माहीत होतं.

चाकणच्या एका कारखान्यात हे प्रेसवर सेटर आहेत. प्रेस म्हणजे दोन मजली लोखंडी धूड. खालच्या साच्यावर पत्रा ठेवायचा, वरचा साचा धाडकन खाली येतो आणि गाडीचा एखादा भाग छापून निघतो. ते साचे बसवायचे, जुळवायचे, पहिले पत्रे काढून बघायचे, हे सेटरचं काम. म्हणजे त्या जबड्यात दिवसभर ज्याचे हात असतात तो माणूस माझा नवरा. प्रेस हवेच्या जोरावर चालते. बटण दाबलं की एकदा खाली यायचं आणि वर जाऊन थांबायचं, असा तिचा कायदा. पण हवेच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तर आतली हवा पुरती सुटत नाही, आणि मग ते धूड कुणी बटण न दाबताच पुन्हा खाली येतं. त्याआधी व्हॉल्व्हमधून बारीक 'स्स' येतो. तेवढीच काय ती सूचना.

हे सगळं मला यांनीच सांगितलेलं, लग्न होऊन उदगीरहून आले तेव्हापासून, छाती फुगवून. कानात घालायचे रबरी बोळे कंपनी देते, पण सेटर मंडळी ते खिशात ठेवतात. कान झाकून प्रेस लावायची म्हणजे डोळे बांधून सुई ओवायची, असं हे म्हणत. बोळे नव्या पोरांसाठी. कंपनीचे मालक मारुतराव शेठ पाहुण्यांना यांच्याकडं बोट दाखवून सांगत, "आमच्याकडं मशीनला डॉक्टर नाही, मालोजीचा कान आहे." घरी जेवता जेवता फोन यायचा, आणि हे फोनवर प्रेसचा आवाज ऐकून सांगायचे की डाव्या बाजूचा बोल्ट ढिला आहे. त्याच कानांना आता माझ्या हॉलमधली ती सुई ऐकू आली नव्हती.

त्या दिवसापासून जीव टांगणीला लागला. हे घरी आले की मी दार उघडून आधी चेहरा बघत नसे, हात बघत असे. डबा घ्यायच्या निमित्तानं बोटं चाचपून घेई. आमच्या बिल्डिंगमधले आबाजी एकेकाळी प्रेसवरच होते. ते भाजीची पिशवी मनगटात अडकवून जिना चढतात, कारण उजव्या हाताला धरायला काही उरलेलं नाही. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारून गेले, कधी दोनदा बघितलं नाही. आता ते समोरून दिसले की मी परत घरात शिरायची. दुपारी अनोळखी नंबरचा फोन वाजला की हातातलं टाकून धावायची. विमा विकणारी पोरगी असायची, आणि मी तिच्यावर इतकी ओरडायची की बिचारी रडकुंडीला यायची.

यांना सांगायचं कसं? मी रोज ठरवायची आज बोलायचंच, आणि हे येऊन डबे लावायचे. सतरंजी मी काढून ठेवली, पडदा सरकवून ठेवला, ट्रेबलचं बटण पार उजवीकडं होतं तसंच राहू दिलं. चरचर व्हायची, डोकं ठणकायचं, आणि मी समोर बसून लसूण सोलत राहायची. म्हटलं, ऐकू देत, जेवढं ऐकू येतंय तेवढं. अंजली चिडून म्हणाली, "आई, तू काही बोलत का नाहीस त्यांना?" तिला काय सांगणार होते मी?

पण ते यांच्याही लक्षात आलं. एका संध्याकाळी गाणं मध्येच बंद केलं आणि माझ्याकडं वळून बसले.

"विजे, तू भांडंना का झालीस?"

"का, मी भांडावं म्हणून आणलेत का डबे?"

"हो," म्हणाले. "असंच समज."

मला आधी कळलं नाही. मग हे मान खाली घालून बोलायला लागले. "कंपनीत हवेचा आवाज मला येईनासा झालाय. म्हटलं, नवीन मशिनी आल्यात, गडबड वाढलीय, त्यात बुडत असंल. पण मनात आलं, कान तर गेले नाहीत ना माझे? कुणाला विचारणार? म्हणून हे आणलं. म्हटलं, घरात बसून गाणी लावू. सगळ्यांना जे ऐकू येतं ते मला येतंय का बघू. तू म्हणायचीस बारीक आवाज टोचतो. मी बटण वाढवत जायचो, वाढवत जायचो, कधी टोचतो बघायला. मग एकाएकी तू भांडायचीच बंद झालीस. तेव्हा कळलं की तुला कळलंय."

मी लसणाचं ताट बाजूला सारलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि रागही इतका आला होता की काय बोलू, काय करू. "आणि हे माहीत असून तुम्ही रोज त्या जबड्यात हात घालताय? अक्कल गहाण ठेवलीय का? मरो ती मेली प्रेस! उद्याच शेठला सांगा. नाहीतर मी येते सांगायला."

"येऊ नको." पहिल्यांदाच यांचा आवाज चढला. "सांगितलं की संपलं. शेठ वाईट नाही, काढणार नाही. गेटवर स्टुलावर बसवील. माझ्या हाताखालची पोरं येता-जाता रजिस्टरवर सही करतील आणि मला ओरडून विचारतील, काका, जेवलात का. मेलो तरी चालंल मला."

"मेलेलं मला चालत नाही ना!"

मग यांनी माझा तळवा हातात घेतला आणि भिंतीतल्या नळाच्या पाइपावर ठेवला. वरच्या मजल्यावर कुणी पाणी सोडलं होतं, पाइप थरथरत होता. "कळतंय? तसंच आहे. प्रेसच्या हवेच्या पाइपाला मी डावा हात लावून ठेवतो. हवा गळायला लागली की तळव्याला मुंग्या येतात. वर डोळ्यांसमोर हवेचा काटा असतो, तो थरथरतो. कानाचं काम हात आणि डोळे करतात. आजवर चुकलो नाही."

मी विश्वास ठेवला का? अर्धा ठेवला. माणसाला ठेवावासा वाटतो. एवढं मात्र वदवून घेतलं की दसरा झाला की चिंचवडच्या कानाच्या डॉक्टरकडं जायचं, आणि डॉक्टर म्हणेल ते शेठला सांगायचं. "दसरा होऊ दे," म्हणाले. "खंडेनवमीला तू पण ये कंपनीत. ह्या वर्षी पूजा माझ्या हातून आहे."

खंडेनवमीला इकडच्या सगळ्या कारखान्यांत मशीनची पूजा होते. एरवी आत न घेणारी कंपनी त्या दिवशी बायकामुलांना बोलावते. आधीचा अख्खा दिवस मशिनी डिझेलनं धुतात, चिंध्यांनी पुसून लख्ख करतात. रंग, रांगोळी, झेंडूच्या माळा, पेढे. मी ठेवणीतली साडी नेसले, अंजलीला घेतलं आणि कंपनीच्या बसनं चाकणला गेले. हे पहाटेच गेले होते.

शेडमध्ये शिरले आणि आधी जाणवली ती शांतता. पूजा म्हणून सगळ्या मशिनी बंद. कोपऱ्यात हवेचा कॉम्प्रेसर तेवढा गुरगुरत होता. माणसं हळू बोलत होती, बांगड्या वाजत होत्या, पत्र्याच्या छपरावर कबुतरं चालत होती तेसुद्धा ऐकू येत होतं.

यांची प्रेस मधोमध. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, कपाळाला गंध लावून हे शेजारी उभे. प्रेस तर अशी नटवलेली की ओळखू येईना. वरपासून खालपर्यंत झेंडूच्या माळा. बाजूच्या त्या हवेच्या पाइपाला आंब्याचे डहाळे बांधून वर रंगीत कागद गच्च गुंडाळलेला. आणि डोळ्यांसमोरच्या काट्याची गोल काच? तिच्यावर कुणीतरी हौसेनं ओलं कुंकू थापून स्वस्तिक काढलं होतं, वर पेढा चिकटवला होता. पाइपही झाकलेला आणि काटाही झाकलेला.

प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या उजेडाची एक जाळी असते, मध्ये हात आला की प्रेस आपोआप थांबते. यांच्या हाताखालचा समाधान तिथं उभा होता, त्याला मी विचारलं, "ती जाळी चालू आहे ना रे?"

"आज बंद ठेवलीय, काकू. माळा आडव्या येतात ना, मग प्रेस हलतच नाही. दर खंडेनवमीला बंद ठेवतो. एकच तर स्ट्रोक मारायचा असतो."

"आणि मारायलाच पाहिजे का तो?"

"असं कसं? पूजा झाली की पहिला नग काढून शेठबाईंच्या ताटात घालायचा. रिवाज आहे."

मी साडी सावरत यांच्यापाशी गेले. भोवती दहा माणसं. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. सगळ्यांसमोर काय सांगणार, की अहो, तुम्हाला ऐकू येत नाही आणि आज दिसतही नाही? जन्मात पहिल्यांदा मी आवाज दाबून बोलले. "अहो, काटा झाकलाय. पाइपाला कागद आहे. आज आत हात घालू नका."

यांनी माझ्याकडं बघितलं, हसले, आणि मान डोलावली.

मला बरं वाटलं, घोटभरच. कारण लगेच शेठबाईंनी यांना काहीतरी विचारलं, आणि यांनी त्यांनाही तश्शीच मान डोलावली, तसंच हसून. तेव्हा कळलं की किती दिवसांपासून हा माणूस असा मान डोलावत जगतोय. मी पुन्हा काही बोलणार तेवढ्यात आरती सुरू झाली आणि लोकांनी मला बायकांच्या रांगेत मागं घेतलं.

नारळ फुटला. मारुतराव शेठ म्हणाले, "चल मालोजी, होऊ दे." यांनी पत्र्याचा चौकोन उचलला, साच्यावर ठेवला, दोन पावलं मागं आले आणि दोन्ही बटणं दाबली. धाड! पायाखालची जमीन हलली, झेंडूच्या पाकळ्या उडाल्या. वरचा साचा वर गेला आणि थांबला. टाळ्या पडल्या. अंजलीनंही वाजवल्या.

टाळ्या थांबल्या आणि तो आवाज आला.

स्स.

अगदी बारीक. पण त्या शांत शेडमध्ये तो लपणार कुठं? डाव्या बाजूनं, कागदाच्या आतून. शेठबाईंनी मान वळवली. समाधाननं व्हॉल्व्हकडं बघितलं. शेठनीही भुवई उचलली. मी शपथेवर सांगते, तिथल्या प्रत्येक माणसाला तो ऐकू आला. आणि प्रत्येकानं मग यांच्याकडं बघितलं, आणि हे निवांत आहेत बघून सगळे निवांत झाले. मालोजीला नाही का कळत? मालोजी आहे ना उभा.

हे पुढं झाले. नग काढायला दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. पत्रा जरा अडकला होता, तो सुटावा म्हणून वाकले, डोकंही माळांच्या आत गेलं.

"अहोऽऽ!" मी किंचाळले. ते तरी ऐकू आलं असेल, पण त्यांना वाटलं असेल कौतुकाचं ओरडतंय कुणीतरी. मी पुढच्या बायकांना ढकललं, कुणाच्या तरी हातातलं ताट उडालं, रांगोळी तुडवली, आणि मागून यांच्या कंबरेला मिठी मारून स्वतःला असं मागं झोकून दिलं की दोघंही पाठीवर पडलो. माझं डोकं फरशीवर आपटलं. आणि त्याच वेळी ते धूड आपणहून खाली आलं.

धाड.

पहिल्या नगावर दुसरा ठोका बसला होता. पत्रा चिरडून कडेनं बाहेर आला होता. यांची टोपी आतच राहिली होती. तिचा पांढरा कोपरा दोन साच्यांच्या फटीतून तेवढा दिसत होता.

मग अंजलीनं हंबरडा फोडला आणि सगळे एकदम धावले. मी यांचे हात वर धरून उलटेपालटे करून बघत होते, दंड, मनगटं, बोटं, पुन्हा पुन्हा. सगळं जागेवर होतं. मी हसत होते का रडत होते, मला सांगता यायचं नाही. व्हॉल्व्हमधून अजून स्स येतच होतं. समाधान आमच्या मागच्या बाजूनं धावत भिंतीपाशी गेला आणि हवेचा मोठा कॉक फिरवून त्यानं हवाच तोडली. आवाज विझला. कुणीतरी कॉम्प्रेसरही बंद केला.

नंतर कळलं की धुताना चिंधीचा धागा व्हॉल्व्हमध्ये गेला होता. पण ते नंतर. त्या वेळी मारुतराव शेठ आमच्यासमोर उकिडवे बसले होते, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड अगदी जवळ आणून विचारलं, "मालोजी, अरे, एवढी हवा गळत होती. आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होती. तुला आली नाही?"

मी यांचा हात दाबला. खरं सांगा, नाही आली म्हणा, एवढंच मला त्या दाबण्यातून म्हणायचं होतं. यांनी सभोवार बघितलं. हाताखालची पोरं उभी होती, त्यांच्या बायका उभ्या होत्या, आपली लेक उभी होती. सगळे श्वास रोखून यांच्या तोंडाकडं बघत होते, कुणाच्या पायाचीसुद्धा हालचाल नव्हती. यांनी कपाळावरचा घाम पुसला, पाठ ताठ केली आणि हसले.

"आली की, शेठ," हे म्हणाले. "न यायला काय झालं? ही बघा, अजून पण येतीय."